डिफेक्ट कशात निघाला?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत 'डिफेक्ट' हा शब्द मराठीच आहे. त्याला कुणी दोष म्हणत नाही, खोट तर नाहीच नाही. 'पीसमध्ये डिफेक्ट निघाला', 'कालच्या लॉटला डिफेक्ट फार आले', 'डिफेक्टचा माल लाल डब्यात टाक' ही वाक्यं सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून फर्स्ट शिफ्टला येणारी पोरं जितक्या सहज बोलतात तितक्या सहज मी अजून 'वैगुण्य' हा शब्द बोललेलो नाही. माझं सगळं आयुष्य क्वालिटीत गेलं. गेज, मायक्रोमीटर ही मापं तपासायची साधनं, पीस कसा हवा ते सांगणारं ड्रॉइंग, आणि समोर प्रॉडक्शनवाला, जो प्रत्येक पीस ओकेच आहे असं शपथेवर सांगायला तयार असतो.

हाच शब्द जून २०२२ मध्ये भलत्याच वेशात कँटीनमध्ये आला. राज्यात सरकार हलत होतं, आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले होते, आणि टेबलावर पडलेल्या इंग्रजी पेपरच्या मथळ्यात 'एमएलएज' आणि 'डिफेक्ट' हे दोन शब्द शेजारी शेजारी बसले होते. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनवरच्या आमच्या ऑपरेटरने तेवढेच वाचले आणि चहाचा घोट घेत विचारलं, "साहेब, आमदारांत काय डिफेक्ट निघाला?"

टेबल हसलं. मी त्याला सांगितलं की इथे ते क्रियापद आहे. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, डीफेक्ट, म्हणजे दोष. क्रियापद असेल तर जोर शेवटावर, डिफेक्ट, म्हणजे आपली बाजू सोडून समोरच्या बाजूला जाणं. तो म्हणाला, "म्हणजे आमदारांनी डिफेक्ट मारला." दांडी मारतात तसा. व्याकरण त्याने माझ्यापेक्षा चांगलं सोडवलं होतं, कारण मराठीत इंग्रजी क्रियापद असंच बसवावं लागतं.

माझ्या मागे मात्र तो प्रश्न लागला. दोष आणि पळून जाणं हे एकाच शब्दात राहायला आले कसे?

कुळ शोधलं तर ते लॅटिनमध्ये निघतं. 'देफिसेरे' हे मूळ क्रियापद. कमी पडणं, संपणं, साथ सोडणं, उलटणं हे सगळे अर्थ त्यात आधीपासूनच आहेत. अंदाजपत्रकातला 'डेफिसिट' त्याच घरचा. इसवी सनपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत हॅनिबलने रोमचं सैन्य कापून काढलं, त्यानंतर इटलीतली जी गावं आणि ज्या जमाती रोमला सोडून कार्थेजकडे गेल्या, त्यांची लिव्ही या इतिहासकाराने चक्क यादी दिली आहे आणि क्रियापद हेच वापरलं आहे. इंग्रजीने ते पुढे दोन कामांना लावलं, एवढंच. तरी एक शिस्त पाळली. नाम फक्त दोषासाठी. सोडून जाण्याच्या कृतीला 'डिफेक्शन', जाणाऱ्याला 'डिफेक्टर'. आणि डिफेक्टर म्हणजे 'डेझर्टर' नव्हे. डेझर्टर पलटण सोडून पळतो आणि आपल्याच गावात कणगीमागे लपला तरी तो डेझर्टरच असतो. डिफेक्टरला पलीकडची बाजू लागते. कुठून निघाला आणि कुठे पोचला, दोन्ही सांगितल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही.

याच लॅटिन शब्दाचा मला सर्वात आवडलेला उपयोग आकाशातला आहे. रोमन लोक सूर्यग्रहणाला 'देफेक्तुस सोलिस' म्हणत, आणि 'एक्लिप्स' या शब्दाच्या ग्रीक मुळाचाही अर्थ 'सोडून जाणं, न येणं' असाच आहे. आपल्याकडे सूर्याला राहू धरतो, म्हणजे बिचाऱ्याची काही चूक नाही. लोक रामकुंडावर पाण्यात उभे राहून त्याच्या सुटकेचा जप करतात. रोमनांकडे सूर्यच कामावर आला नाही. ग्रहण तेच, फक्त चार्जशीट कुणावर, एवढाच फरक.

आणि हा फरक मला लहान वाटत नाही. 'डिफेक्ट' म्हटलं की दोष सोडून जाणाऱ्याच्या अंगाला चिकटतो. तो कमी पडला. ज्याला तो सोडून गेला ते घर, तो पक्ष, तो देश मात्र ड्रॉइंगप्रमाणे बरोब्बर होता, हे त्या शब्दाने आधीच गृहीत धरलेलं असतं. क्वालिटीत पहिल्या वर्षी शिकवतात की पीस स्वतःहून चांगला किंवा वाईट नसतो, तो ड्रॉइंगशी जुळतो किंवा जुळत नाही. ड्रॉइंगच चुकीचं असू शकतं हे कुणी शिकवत नाही, ते नोकरीत कळतं.

१९६७ हे साल घ्या. डिसेंबर १९६६ मध्ये मॉस्कोहून एक बाई अस्थिकलश घेऊन भारतात आली. स्वेतलाना, स्टालिनची मुलगी. कालाकांकरच्या राजघराण्यातले कम्युनिस्ट ब्रजेश सिंह तिचे जोडीदार. सोव्हिएत सरकारने त्यांना लग्नाची परवानगी दिली नव्हती, आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये ते मॉस्कोत वारले. आमच्या नाशिकला अस्थी घेऊन येणारी माणसं रोज दिसतात. रामकुंडात विसर्जन करायचं, दहाव्याला कावळा शिवायची वाट पाहायची आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतायचं. स्वेतलाना परतली नाही. ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी ती दिल्लीत अमेरिकेच्या वकिलातीत शिरली आणि शीतयुद्धातलं सर्वात गाजलेलं 'डिफेक्शन' आपल्या राजधानीत झालं. रोम, स्वित्झर्लंड आणि मग अमेरिका. कहाणी तिथे संपली असती तर सोपी झाली असती. १९८४ मध्ये ती पुन्हा सोव्हिएत रशियात गेली, १९८६ मध्ये पुन्हा बाहेर पडली, आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वारली. बापाच्या नावाचं ओझं कुठल्या सरहद्दीवर उतरवता येतं, याचा शोध ती बहुधा शेवटपर्यंत घेत होती. तिच्यात डिफेक्ट होता म्हणायचं, की ज्या व्यवस्थेत स्टालिनच्या मुलीलाही मनासारखं लग्न करता येत नव्हतं तिच्यात?

त्याच वर्षी हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. परत आलेल्या गयालालना पत्रकारांपुढे उभं करून हरियाणातले नेते राव बिरेंद्र सिंह म्हणाले की गया राम आता आया राम झाला आहे, आणि देशाला एक वाक्प्रचार मिळाला. स्वेतलाना आणि गयालाल यांना इंग्रजी एकच शब्द लावते. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेल्या नर्तकाला किंवा टेनिसपटूला पाश्चात्त्य पेपर 'डिफेक्टर' म्हणत तेव्हा त्यात जवळजवळ कौतुक असे. दिल्ली-चंडीगडच्या बातमीत तोच शब्द आला की खिशाचा वास येतो.

आणि इथे गोष्ट अचानक आमच्या गावात येते. त्या वेळी देशाचे गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि ते त्याआधी संरक्षणमंत्री झाल्यावर लोकसभेत गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. चीनच्या आक्रमणानंतर सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आमच्या पिढीने निबंधांत इतकं झिजवलं की त्या सह्याद्रीला खासदारकी नाशिककरांनी दिली हे विसरायला झालं. आयाराम-गयारामांचा सुळसुळाट झाल्यावर लोकसभेच्या ठरावावरून पक्षांतरावर समिती नेमली गेली. अध्यक्ष चव्हाण, सदस्यांत जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, सेटलवाड, दफ्तरी अशी माणसं. १९६९ मध्ये अहवाल आला. त्यातले आकडे आमच्या रिजेक्शन रिपोर्टसारखे वाचता येतात. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीदरम्यानच्या सगळ्या वर्षांत मिळून सुमारे ५४२ पक्षांतरं. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८. वेगवेगळ्या राज्यांतल्या २१० पक्षांतर करणाऱ्या आमदारांपैकी ११६ जण, त्यांच्यामुळेच सत्तेवर आलेल्या सरकारांत मंत्री झाले.

कारखान्यात मूळ कारण शोधायला पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. इथे दुसरा 'का' विचारायची वेळच येत नाही.

समितीने सुचवलं की पक्ष सोडणाऱ्याला निदान एक वर्ष, किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये. कायदा लगेच झाला नाही. मध्ये राजकारणाने चव्हाणांनाही फिरवलं. ते इंदिरा गांधींपासून दूर झाले, १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले, आणि नंतर पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. त्यांना गयालालच्या रांगेत बसवणारे लोक होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. पक्षच दुभंगतो तेव्हा कुठला तुकडा मूळचा हे ठरवायला गेज नसतो. पण ज्या माणसाने पक्षांतराची व्याख्या करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद भूषवलं त्यालाही ती व्याख्या अंगावर घेऊन फिरावं लागलं, यात इतिहासाचा थोडा खट्याळपणा आहेच. नोव्हेंबर १९८४ मध्ये ते गेले. जानेवारी १९८५ मध्ये पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली.

चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, आमच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिगचा कारखाना उभा राहिला. माझे काका तिथे होते. ओझरच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना आकाशातल्या आवाजावरून विमान ओळखता येई, मला कधी जमलं नाही. काका घरी कामाचं फारसं बोलत नसत, पण एक कळलं होतं, विमानात डिफेक्ट नसतो, 'स्नॅग' असतो. स्नॅग रजिस्टरला लिहायचा, काढायचा, सही करायची. सही नसेल तर विमान हलणार नाही. त्यांच्या तोंडून गळती, आवाज, थरथर काहीही 'स्नॅग'च व्हायचं. घरातल्या गळक्या नळालासुद्धा काकू वैतागून "तुमचा स्नॅग बघा आधी" म्हणायची.

ओझरला ज्या काळात मिग-२१ जुळवायची तयारी चालली होती त्याच काळात, १६ ऑगस्ट १९६६ ला, मुनीर रेद्फा नावाचा इराकी वैमानिक आपलं मिग-२१ घेऊन थेट इस्राएलमध्ये उतरला. दहा वर्षांनी, ६ सप्टेंबर १९७६ ला, व्हिक्टर बेलेंको सोव्हिएत मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर आला. धावपट्टी अपुरी पडली, विमान पुढे घसरत गेलं. हे विमान पाश्चात्त्य लष्करी जगाचं दुःस्वप्न होतं. इतका वेग, म्हणजे ते टायटॅनियमचं, अत्याधुनिक असणार असा अंदाज होता. जपानी आणि अमेरिकी तज्ज्ञांनी ते खोलून पाहिलं. बहुतेक भाग निकेलमिश्रित पोलादाचा, इलेक्ट्रॉनिक्समध्ये ट्रान्झिस्टरच्या आधीच्या जमान्यातल्या व्हॅक्यूम ट्यूब, वजन भरपूर. मग ते सुटं करून, खोक्यांत भरून, सोव्हिएत युनियनला परत पाठवलं गेलं.

क्वालिटीच्या माणसाला या गोष्टीत जी मजा येते ती हेरकथा वाचणाऱ्याला येणार नाही. एका माणसाने डिफेक्ट केलं आणि त्यामुळे एका यंत्राचे डिफेक्ट जगापुढे आले. शब्दाचे दोन्ही अर्थ एका धावपट्टीवर उतरले. आणि गंमत म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब हा डिफेक्ट होता का, यावरच वाद आहे. ताकदवान रडारसाठी आणि त्या काळच्या रशियन उद्योगाला जमेल अशा रीतीने ते विमान विचारपूर्वक बनवलं होतं, असं म्हणणारे अभियंते कमी नाहीत. पुन्हा तेच, कुठलं ड्रॉइंग समोर धरायचं? २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ वायुसेनेतून निवृत्त झालं तेव्हा लोक त्याचे अपघात मोजत होते. ओझरच्या जुन्या माणसांशी बोललात तर ते त्याची वर्षं मोजतात.

हे सगळं इंग्रजीचं, आपलं काय, असं म्हणाल तर 'फितूर' उघडून पाहा. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा मूळचा अर्थ आहे शिथिलपणा, दुबळेपणा, बिघाड. हिंदीत 'दिमाग का फितूर' म्हणतात तो बिघाडच. मराठीत येता येता तो बिघाड निष्ठेत शिरला आणि फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला माणूस झाला. लॅटिनपासून इंग्रजीपर्यंतचा आणि अरबीपासून मराठीपर्यंतचा रस्ता वेगळा, पण मुक्काम एकच. आणि अस्सल घरचं 'फुटणं' तर आहेच. मडकं फुटतं, पाइप फुटतो, पेपर फुटतो, साक्षीदार फुटतो, आमदार फुटतात. सातपूरच्या फाउंड्रीतल्या माणसाला 'कास्टिंग फुटलं' आणि 'नगरसेवक फुटला' ही दोन वाक्यं एका दमात म्हणताना काही विचित्र वाटत नाही.

फितुरीचं नाशिककरांचं पाठ्यपुस्तक दिंडोरी रस्त्याला आहे, रामशेज. फार उंच नाही, सकाळी चढून नाश्त्याला घरी येता येतं. १६८२ पासून औरंगजेबाच्या फौजांनी हा किल्ला घेरला आणि वर्षानुवर्षं तो पडला नाही. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून मावळ्यांनी लाकडाच्या नळ्यांना चामडं लावून तोफा केल्या, असं मुघलांकडच्या खाफीखानानेच लिहून ठेवलं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर मटेरियल नॉन-स्टँडर्ड, परफॉर्मन्स ओके. सुरुंग, दमदमे, सरदार बदलणं, सगळं झालं. शेवटी १६८७ च्या सुमारास किल्ला गेला तो पैसे देऊन. चामड्याच्या तोफा टिकल्या आणि माणूस फुटला. त्या शेवटच्या किल्लेदाराविषयी रामशेजवर गेलेला प्रत्येक जण दोन शिव्या देऊन येतो, मीही देतो. पण इतकी वर्षं वेढ्यात बसलेल्या त्या माणसांना शेवटी धान्य किती उरलं होतं, मदत येण्याची आशा किती होती, हे त्या शिवीत मावत नाही.

आता बोलण्याच्या रीतीकडे. आमच्या धंद्यात 'डिफेक्ट' हा शब्द कागदावर लिहायला लोक कचरतात. गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ९००० मध्येच, सांगितलं आहे की 'डिफेक्ट' आणि 'नॉन-कन्फॉर्मिटी' यांतला फरक महत्त्वाचा आहे, कारण 'डिफेक्ट'ला कायदेशीर जबाबदारीची शेपटी आहे. म्हणून ऑडिटच्या कागदावर 'नॉन-कन्फॉर्मिटी' येते, आणि फ्लोअरवर तिची 'एनसी' होते. राजकारणातही 'पक्षांतर' कुणी करत नाही. कुणी 'उठाव' करतो, कुणाचा 'पक्षप्रवेश' असतो, कुणाची 'घरवापसी', आणि पत्रकार त्या सगळ्याला 'इनकमिंग-आउटगोइंग' म्हणून मोबाइलच्या जमान्यातलं करतात. 'गद्दार' फक्त दुसऱ्यांत असतात. २०२२ नंतर नाशकात एकाच गल्लीत दोन शाखा, दोन्हीकडे तोच फोटो, आणि दोन्हीकडचे कार्यकर्ते शपथेवर सांगणार की आम्ही जागचे हललोच नाही, हलले ते. नातेवाइकांच्या जेवणावळीत हा विषय निघाला तर मी पानातल्या कोशिंबिरीकडे लक्ष देतो.

कारखान्यातलं सोडून जाणंही काही कमी नाही. शिकवून तयार केलेला पोरगा दिवाळीचा बोनस हातात पडला की शेजारच्या प्लॉटमधल्या कंपनीत जातो, दीड-दोन हजार जास्त मिळतात म्हणून. सुपरवायझर म्हणतो, "पोरगाच फुटका निघाला." पीस वाकडा निघाला तर आम्ही मशीन तपासतो, टूल तपासतो, कूलंट तपासतो, सेटरला विचारतो, पान-पान भरून लिहितो. पोरगा गेला की एक ओळ लिहिली जाते, 'वैयक्तिक कारण'. आमच्याकडे 'डिफेक्ट' आणि 'डिफेक्टिव्ह' मोजायचे तक्तेही वेगळे असतात, कारण एका पीसमध्ये चार डिफेक्ट असले तरी डिफेक्टिव्ह पीस एकच धरायचा. माणसाच्या बाबतीत उलटं होतं. त्याने एकदा कंपनी सोडली की तो सगळाच डिफेक्टिव्ह.

कायद्याला मात्र हे मोजणं चांगलं जमतं. त्या बावन्नाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टात सुरुवातीला अशी सोय होती की विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य एकदम बाहेर पडले तर ती 'फूट', पक्षांतर नव्हे. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ती काढली. दोन तृतीयांशांनी मान्य केलेलं विलीनीकरण राहिलं. म्हणजे एकटा गेला तर अपात्र, आणि पुरेसे जण एकत्र जाऊन नीट कागद केले तर पात्र. हे कायद्याचं अपयश आहे असं टीव्हीवर रोज कुणीतरी सांगतं.

मला त्यात आमचाच कारखाना दिसतो. एक पीस ड्रॉइंगबाहेर गेला की लाल डबा, चर्चा नाही. अख्खा लॉट तसाच आला आणि गाडी गेटवर उभी असली, की फोन सुरू होतात. कस्टमरचा माणूस पुण्याहून मेल पाठवतो, डेव्हिएशन नोट, म्हणजे ड्रॉइंगबाहेरचा माल चालवून घ्यायची परवानगी, येते, तिच्यावर तीन सह्या होतात, त्यातली एक बरीच वर्षं माझी असे, आणि तोच माल ओकेचा शिक्का मारून रात्रीच्या गाडीत चढतो. गुवाहाटीचा विषय निघाला त्या दिवशी ऑपरेटरने चहाचा कप ठेवताना एवढंच विचारलं होतं, "साहेब, किती जण गेलेत?" आकडा ऐकून तो म्हणाला, "मग डेव्हिएशन मिळेल."